गप्प बसणाऱ्याला बक्षीस

"अगं, आमच्या ताईची नात जपानात आहे ना, तिचं नवीन ऐकलंस का?"

"कोण, ती आयटीवाली?"

"छे, ती धाकटी. ही मोठी, मेलबर्नला वाढलेली. जपानात शाळेत इंग्रजी शिकवते. जपान सरकारची 'जेट' नावाची योजना आहे, १९८७पासूनची. परदेशातली पदवीधर पोरं न्यायची आणि वर्गात तिथल्या शिक्षकांच्या जोडीला उभी करायची. ही लागली तेव्हा वर्षाला ३३ लाख ६० हजार पगार होता."

"अगंबाई! ३३ लाख?"

"येन गं, रुपये नव्हेत! निम्म्याहून थोडे जास्त धर. आणि एवढं असून शनिवार-रविवार फुकट राबते, हे ताईचं दुखणं. नागानोच्या डोंगरात मुलांसाठी शिबिरघर आहे. आजूबाजूच्या गावांतल्या अशाच दहाएक जणांनी मिळून तिथं पाचवी-सहावीच्या पोरांचं इंग्रजी शिबिर भरवलं."

"दोन दिवसांत कसलं इंग्रजी येणार, काकू?"

"मीही तेच म्हटलं. तर म्हणे, येतंच त्यांना. २०२०पासून तिसरीतच सुरू होतं, पाचवीपासून रीतसर विषय. शब्द पाठ असतात, पण चारचौघांत चुकायचं म्हणजे पोरांना मेल्याहून मेल्यासारखं. त्यापेक्षा तोंड न उघडलेलं बरं. आणि शिस्त तर विचारू नकोस! दारात बूट काढायचे, आतल्या सपाता वेगळ्या, संडासातल्या वेगळ्या. सकाळी साडेसहाला रेडिओ लागला की सगळ्यांनी रांगेत व्यायाम. निघताना चादरींची घडी कोपऱ्याला कोपरा लावून, वर ती तपासायला माणूस."

"आमच्या सेवादलाच्या शिबिरासारखंच की हे."

"हो, फक्त पिठल्याऐवजी करी. पण गंमत पुढेच आहे. प्रत्येक पोराला दहा बिल्ले दिले. जपानी बोललं की एक बिल्ला जायचा. रात्री ज्याच्याकडे जास्त उरतील, त्याला बक्षीस."

"माझ्या लेकाच्या शाळेत मराठी बोललं की दहा रुपये दंड होता, त्यातलाच प्रकार."

"अगदी! आणि बक्षीस कोणाला मिळालं माहितेय? दिवसभरात एक अक्षर न बोललेल्या पोराला. दहाच्या दहा बिल्ले शाबूत! त्याचं काय चुकलं? मी तर म्हणते, सगळ्यांत हुशार तोच."

"मग काय केलं त्यांनी?"

"रातोरात नियम फिरवला. जपानी बोललं तरी चालेल, पण प्रत्येक शिक्षकाला इंग्रजीत एक तरी प्रश्न विचारायचा आणि वहीत शिक्का घ्यायचा. तर पोरं त्याहून बेरकी. एकच प्रश्न घोकला आणि दहा जणांना तोच, तुम्हाला आवडतं काय खायला."

"आणि ती करी?"

"ती पोरांनीच चुलीवर रांधायची, भाताबरोबर. तिथल्या शिबिरांची जुनी रीत आहे. खोक्यातल्या मसाल्याच्या वड्या पाण्यात विरघळवल्या की झाली करी! सगळी पोरं हिच्या तोंडाकडे बघताहेत, बरी झालीय ना म्हणून. भारतीय ना ती! हिला बिचारीला आमटीपलीकडे काय ठाऊक? आणि ती करी जपानात गेली तीही इंग्रजांच्या हातून. १९०८ सालच्या जपानी आरमाराच्या पाकपुस्तकात सापडते म्हणे."

"मग आवडतं काय खायला, याचं उत्तर काय दिलं हिनं?"

"पुरणपोळी! चाळीस पोरांना चाळीसदा सांगितलं. 'ळ' त्यांच्या जिभेला कुठला वळायला? पुरानपोरी, पुरानपोरी करत हिंडत होती सगळी. आता एका मुलाच्या आईनं कृती विचारलीय आणि ताईनं ते माझ्या गळ्यात घातलंय."

"तिथं गूळ मिळतो का पण?"

"ओकिनावाची काळी साखर मिळते, ती चालवून घ्या म्हटलं. हरभऱ्याची डाळ मात्र टोकियोहून मागवावी लागेल."