अवं माय, भुलाबाई गरब्याले गेली!

घट बसल्यापासून आमच्या गल्लीतल्या काकूंना अन्न गोड लागत नाहीये. (उपास आहे, हा भाग वेगळा.) काल ओट्यावर बसता बसता पदर तोंडाशी नेला आणि कुजबुजल्या, "अवं, देवी बंगाली, नाच गुजराती, गानं सैराटचं! आपलं उरलं काय, तं साबुदान्याची उसळ. हे कोनचं नवरात्र म्हनाचं बाप्पा?"

बाहेरगावच्यांना कल्पना नसेल, पण यवतमाळच्या दुर्गोत्सवाबद्दल इथला माणूस भलताच हळवा आहे. कोलकात्यानंतर आपलाच नंबर, हे दत्त चौकातला कुणीही तुम्हाला न विचारता सांगेल. युनेस्कोनं कोलकात्याची दुर्गापूजा वारशाच्या यादीत घेतली 2021 साली आणि गुजरातचा गरबा 2023 साली. आम्ही तोवर थांबलो नव्हतो. आमच्याकडे दोन्ही केव्हाच एका मांडवात नांदत होते. दशभुजा महिषासुराच्या छातीवर पाय देऊन उभी, तिच्यासमोर पोट्ट्या टिपऱ्या घेऊन गोल फिरतात, आणि मध्येच डीजेवाला 'झिंगाट' सोडतो. त्या सैराटच्या संगीतातली व्हायोलिनं हॉलिवूडच्या स्टुडिओत वाजलीत, हे मी काकूंना सांगितलं नाही. एका बैठकीत किती धक्के द्यायचे!

उसळीचं मात्र राहवेना. साबुदाणा ज्या कंदाचा होतो, तो मूळचा अमेरिका खंडातला. शेंगदाणे तिकडचे, हिरवी मिरची तिकडची, वरून घातलेला बटाटाही तिकडचाच. काकूंच्या ताटलीत 'आपलं' शोधायला गेलं तर हाती मीठ लागतं. तेही एकेकाळी लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून यायचं. लमाण हा शब्दच लवणापासून आला, असं सांगतात.

"म्हंजे उपासाच्या ताटातई घोटाळा?" काकू एकदम ताठ. तरी एक घास घेतलाच.

लमाणांचं नाव निघालं, तेव्हा आमच्या मंडळातल्या मुलीचा किस्सा सांगायलाच हवा. चांगले पैसे मोजून तिनं गरब्यासाठी घागरा भाड्यानं आणला. आरसे, कवड्या, लाल-निळं ठिगळकाम. दुकानदार म्हणाला, प्युअर गुजराती पीस. ती ऐटीत घरी आली, तर धुणंभांडी करणाऱ्या मावशी बघतच राहिल्या. मावशी पुसदकडच्या तांड्यावरच्या. त्यांच्या आईच्या पेटीत असाच फेटिया (त्यांचा घागरा), अशीच कांचळी (चोळी). आईनं स्वतः रात्री जागून टाके घातलेले. आता यवतमाळ जिल्हा म्हणजे बंजाऱ्यांचं, म्हणजे याच लमाणांचं, घर. वसंतराव नाईक पुसदजवळच्या गहुलीचे, अकरा वर्षांहून जास्त मुख्यमंत्री राहिले. आणि इथल्याच पोरीला आरशांचा घागरा पाहून गुजरात आठवतो! दोन्ही वेश मारवाडाकडून निघालेल्या वाटांवरचे चुलतभाऊ असतील, कोण जाणे. पण तांड्यावरच्या बाईनं तोच फेटिया घालून बाजारात यावं, तर लोक वळून बघतात, आणि मुलीनं भाड्यानं घालावा, तर फोटो काढतात. काकूंची बाकी सगळी कुरकुर मी हसण्यावारी नेते, या एका गोष्टीला मात्र माझंही तोंड वाकडं होतं.

काकूंचं खरं दुखणं वेगळंच होतं, ते उशिरा बाहेर आलं. भुलाबाई! भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुलींनी संध्याकाळी जमायचं, मातीच्या भुलोबा-भुलाबाईपुढे गाणी म्हणायची, डब्यातला खाऊ ओळखायचा. आता मुली येतात, दोन गाणी घाईत उरकतात आणि गरब्याला पळतात. "भुलाबाईले एकटीले सोडून! कसं शुद्ध होतं वो आपलं सगळं."

शुद्ध? काकू, भुलाबाई म्हणजे पार्वती. शंकराला भुलवायला भिल्लिणीचा वेश घेतला, म्हणून तर ती भुलाबाई! कैलासावरची राणी रानातली होऊन नाचली, तिला आपण ज्वारीच्या धांड्यांच्या मांडवात बसवलं. आज तिला चणिया-चोळी दिली तर ती नाही म्हणेल असं मला तरी वाटत नाही.

काकूंनी उत्तर दिलं नाही. तेवढ्यात मुली आल्या, गाणी झाली, आणि काकूंनी घरातून डबा आणून कानाशी खुळखुळवला. ओळखा! चिवडा? नाही. लाडू? नाही. करंजी, शंकरपाळे, अनारसे सगळं विचारून झालं. "तिखट का गोड?" तर म्हणे दोन्ही. शेवटी हरलो म्हटलं, तेव्हा झाकण उघडलं. आत शेजवान चटणी लावलेला ढोकळा, वरून खोबरं-कोथिंबीर.

मी काकूंकडे पाहिलं.

"खा न वो," त्या म्हणाल्या, "घरचाच हाय."