पहिला नंबर, दोन्हीकडे

ऑगस्ट २०१८ मध्ये दोन निकाल लागले. राहण्याच्या सुखसोयींच्या सरकारी यादीत पुणे देशात पहिलं आलं, आणि ‘इकॉनॉमिस्ट’वाल्यांच्या यादीत व्हिएन्ना जगात पहिलं. तेव्हापासून आम्ही व्हिएन्नाला बरोबरीचं मानतो.

आल्प्सच्या झऱ्यांचं पाणी तिथं १८७३ पासून नळाला येतं. आमच्या उपनगरांत ते टँकरनं दारात येतं. शिवाय हॉर्न वाजवून वर्दी देतं. तिथले निम्मे लोक महापालिकेच्या किंवा अनुदानित घरांत राहतात. आमचं घर स्वतःचं असतं, बँकेनं सोडल्यावर. तिथं रविवारी बहुतेक दुकानं कायद्यानंच बंद, तर ते म्हणे जीवनमान. आम्ही दुपारी एक ते चार शटर ओढलं की विनोद!

बरं, ती जागतिक यादी कंपन्यांना कशाला लागते? परदेशी धाडलेल्या साहेबाला हालअपेष्टांचा भत्ता किती द्यायचा, ते ठरवायला. या हिशेबानं सिंहगड रस्त्यावर रोज अडकणाऱ्याची केवढी थकबाकी निघेल!

२०२० च्या सरकारी यादीत पुणे दुसरं आणि बंगळुरू पहिलं आलं. म्हणजे वाहतूक कोंडीचे गुण कापत नसावेत, देत असावेत.