रामबाणकाका

डोंबिवलीहून सुटलेल्या सकाळच्या फास्ट लोकलमध्ये कुणी मनगट खाजवायला लागलं, की कोपर स्टेशन मागे पडायच्या आत त्याला औषध सांगून झालेलं असतं. सांगणारे गृहस्थ रिटायर्ड. पेन्शनची बँक डोंबिवलीतच, पण पेशंट गाडीत. म्हणून काका अजून ठाण्यापर्यंतचा पास काढतात. डब्यात त्यांना रामबाणकाका म्हणतात. कल्याण ते ठाणे या पट्ट्यात असा एक काका प्रत्येक डब्याला नेमून दिलेला असतो. लेडीज डब्यात याच पदावर काकू असतात.

काकांची निदानपद्धत सोपी आहे. चट्टा गोल असेल तर गजकर्ण, वेडावाकडा असेल तर इसब आणि काहीच कळत नसेल तर उष्णता. तपासणी समोरच्या सीटवरून, चष्म्याच्या वरून. "बाही वर करा" एवढंच बोलतात. चौथ्या सीटवर अर्धं अंग टेकवून बसलेला माणूस तेवढ्या गर्दीत बाही वर करतो आणि आजूबाजूचे चारजण पुढे वाकून आपलंही मत देतात.

उपचार ऋतुमानाप्रमाणे बदलतात. उन्हाळ्यात कोरफड, थंडीत खोबरेल, एरवी कडुलिंबाच्या पाण्याची आंघोळ आणि रात्री करंजाचं तेल. (करंजाचं तेल लावलेला माणूस गाडीत आला की त्याला बसायला जागा आपोआप होते, हा फायदा काका सांगत नाहीत.) पावसाळ्यात तर विचारू नका. रुळांच्या कडेला टाकळा माजलेला दिसला की काका दारात. "तो बघा! संस्कृतात याला चक्रमर्द म्हणतात!" दिवा स्टेशन येईपर्यंत दोघेजण त्यांचा शर्ट मागून धरून ठेवतात. पथ्य बारमाही : वांगं बंद, लोणचं बंद, आंबवलेलं बंद. इडली हवी की कातडी, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

घरी मात्र काकांचं राज्य डळमळीत आहे. शतधौत घृत म्हणजे तांब्याच्या भांड्यात पाणी घालून शंभर वेळा धुतलेलं तूप. सोसायटीला सकाळी पाणी येतं तासभर आणि काकांचं तूप नेमकं तेव्हाच धुतलं जातं. चाळीस धुण्यांपर्यंत काकू काही बोलत नाहीत. त्यानंतर शेजारणी बोलतात. तूप तयार झालं की लोण्यासारखं पांढरं, मऊ होतं आणि गार लागतं. काका ते जुन्या क्रीमच्या डबीत भरून गाडीत फुकट वाटतात. पैसे त्यांनी कधीच घेतले नाहीत, त्यामुळे तक्रारीचीही सोय नाही.

काकांच्या औषधाला गुण येतो, हे मात्र खरं. त्याचं गुपित रोगातच आहे. इसब स्वतःच्या मर्जीनं येतं आणि स्वतःच्या मर्जीनं ओसरतं. घाम, साबण, लोकरीचा स्वेटर, परीक्षा, सासूबाई, कशानंही भडकतं आणि आठवड्या-पंधरवड्यानं शांत होतं. माणूस औषध विचारतो ते खाज अगदी असह्य झाल्यावर, म्हणजे ओसरायची वेळ जवळ आल्यावर. ओसरलं की श्रेय शेवटच्या लेपाचं. पुन्हा उठलं की, "चोरून लोणचं खाल्लंत ना?" आणि डोंबिवलीत लोणचं न खाल्लेला माणूस सापडणं कठीण.

एकदा कुणा दुसऱ्या जाणकारानं एकाला बिब्बा लावायला सांगितला. बिब्ब्याच्या तेलानं चांगली कातडीही भाजते, मग इसबाची काय कथा! माणूस टरटरून फोड घेऊन गाडीत आला. तेवढ्यापुरते काका गंभीर झाले. "बिब्बा, रुईचा चीक, लसणाचा लेप, यातलं काही कातडीला लावायचं नाही," असा फतवा निघाला. आपल्या शास्त्राला सीमा आहे, हे त्यांनी कबूल केलं. ती दुसऱ्याच्या हद्दीत दाखवली, एवढंच.

मेडिकलमधून परस्पर आणलेल्या ट्यूबचा त्यांना मनस्वी राग, आणि इथे काका शंभर टक्के बरोबर आहेत. स्टेरॉइडची ट्यूब गजकर्णाला लावली की चार दिवस खाज थांबते आणि मग चट्टे कंबरभर पसरतात. सरकारनं २०१८ मध्ये अशा अनेक मलमांना डॉक्टरांची चिठ्ठी सक्तीची केली. काउंटरवर अजून "ती मागच्या वेळची द्या" एवढ्यावर काम भागतं.

रोगाचं मूळ विचाराल तर काका एमआयडीसीतल्या कारखान्यांकडे बोट दाखवतात. २०१४ मध्ये डोंबिवलीत हिरवा पाऊस पडला, २०२० मध्ये रस्ता गुलाबी झाला. त्या दिवसांत त्यांच्याशी वाद घालायची कुणाची टाप नव्हती. परदेशाची मात्र ते पत्रास ठेवत नाहीत. अमेरिकेनं २००३ साली ओटच्या बारीक पिठाला त्वचारक्षक म्हणून मान्यता दिली, असं एका पोरानं मोबाइलवर वाचून दाखवलं. काका म्हणाले, "त्यांच्याकडे नाचणी नाही ना, करतात काय बिचारे!"

शेवटी एकाचा चट्टा पिकून पाणी वाहायला लागलं, तेव्हा सगळ्या डब्यानं त्याला ठाण्याच्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे पिटाळलं. आठवड्यानं तो हसत परत आला. काकांनी जबानी घेतली. जंतुसंसर्ग झाला होता, त्याच्या गोळ्या दिल्या. मलम दिलं, पण मोजून आणि मुदतीपुरतं. बाकी कोमट पाण्याची झटपट आंघोळ, साबण कमी आणि अंग ओलसर असतानाच क्रीम. पुढे जखम भरल्यावर व्हर्जिन खोबरेल लावलं तरी चालेल. फिलिपिन्समध्ये इसब असलेल्या मुलांवर ते करून पाहिलंय आणि खनिज तेलापेक्षा सरस ठरलंय, म्हणाल्या.

गोळ्या, मलम, साबण हे सगळं काकांच्या कानावरून गेलं. खोबरेल तेवढं आत शिरलं. ठाणे आलं, माणसं दाराकडे सरकली, आणि काका उठता उठता सगळ्या डब्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पोरगी हुशार आहे. आपल्याच लायनीवर आहे. पाठवत जाईन तिच्याकडे पेशंट."