पहिल्याच फेरीत अटकेपार

पानिपतात काला अंबच्या स्मारकापाशी पोचलेला मराठी माणूस १४ जानेवारी १७६१ च्या लढाईत कोणाचं काय चुकलं, हे उभ्या उभ्या सांगतो. त्याच पानिपतात शिवाजी स्टेडियम आहे. वजन उतरवण्याच्या खटपटीत तिथे पोचलेल्या नीरज चोप्राने भाला उचलला आणि सोनं आणलं.

इकडचा नवखा त्याच खटपटीत रनिंग ग्रुपमध्ये नाव घालतो, कोरे बूट चढवतो आणि थेट पहिल्या लेनमध्ये घुसतो. कोचचा हुकूम साधा: ४०० मीटरच्या ६ फेऱ्या, मधे २ मिनिटं चाल. गडी पहिल्याच फेरीत अटकेपार. तिसरीत नाडी बांधायला बसतो. गाठ काही सहावीपर्यंत बसत नाही.

आठव्या लेनमधल्या काकू फेरीमागे सुमारे ५३ मीटर जास्त पळून सहाही पुऱ्या करतात. पोह्यांच्या गाडीवर मात्र पहिला तोच.