आमच्याकडेच गेलंय, की सगळीकडे?

लाइट गेली की मराठी माणूस मेणबत्ती शोधत नाही, आधी खिडकीशी जातो. समोरच्या बिल्डिंगमध्येही अंधार असला की निम्मं दुःख तिथेच ओसरतं. समोर पंखे फिरत असले, तर मात्र बिल्डरपासून वायरमनपर्यंत सगळ्यांचा उद्धार होतो. इंटरनेटची पंचाईत अशी की ते गेलेलं खिडकीतून दिसत नाही. त्यासाठी डाउनडिटेक्टर नावाची साइट आहे. जगभरातले लोक तिथे येऊन ‘आमच्याकडे बंद आहे’ एवढंच सांगतात आणि तक्रारींचा आलेख चढत जातो. आलेखाचा डोंगर झालेला दिसला की खुशाल चहा टाकावा. आपल्या हातात काही नाही. फक्त १८ नोव्हेंबर २०२५ ला असंख्य साइटी जिच्या आधारावर चालतात त्या क्लाउडफ्लेअर कंपनीचा मोठा बिघाड झाला, तेव्हा इतर साइटींबरोबर ही साइटसुद्धा उघडेना. खिडकीच गेली म्हटल्यावर डोकावणार कुठून?

आमच्या सोसायटीत ही खबर साइटच्या आधी जिन्यात लागते. बँकेत असताना आमच्या शाखेचं संगणकीकरण माझ्या डोळ्यांदेखत झालं, एवढ्या पुण्याईवर मला इथे तांत्रिक सल्लागार नेमलेलं आहे. मानधन नाही, क्वचित कोथिंबीर वडी. संध्याकाळी बेल वाजते.

“काका, नेट गेलं हो.”

“राऊटरवर दिवा लागलाय का?”

“लागलाय की.”

“कुठल्या रंगाचा?”

“दिव्याच्या रंगाचा.”

मग मी चपला घालतो. त्या डबीवर एका दिव्याखाली बारीक अक्षरांत एलओएस लिहिलेलं असतं. तो लाल झाला, म्हणजे फायबरमधून येणारा प्रकाश घरापर्यंत नीट पोचत नाही. मंत्र्यांच्या गाड्यांवरचा लाल दिवा २०१७ मध्ये उतरला. घरोघरच्या डबीवर तो अजून आहे आणि दरारा तोच. तो लागलेला असताना पासवर्ड बदलणं, मोबाइल फॉरमॅट करणं, मुलाला ‘दिवसभर गेम खेळतोस म्हणून संपलं’ असं झापणं, यातलं काहीही लागू पडत नाही. कपाट सरकवताना वायर मुडपली नाही ना, तेवढं पाहावं आणि फोन लावावा.

लाल दिवा नसेल तर मात्र माझा भाव वधारतो. नेट ठार बंद असतानाही ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकलं की पान उघडतं, कारण ते पान राऊटरच्याच पोटात असतं. (पत्ता वेगळा असला तर डबीच्या बुडाला लेबलवर सापडतो. ते लेबल कोणीही वाचत नाही.) गंमत म्हणजे वरच्यांच्या घरातही हाच पत्ता, खालच्यांच्याही. १९९६ च्या एका नियमाने हे आकडे खासगी वापरासाठी राखून ठेवलेले आहेत. सगळ्या बिल्डिंगचा पत्ता एक आणि तरी कोणाचं पार्सल कोणाकडे जात नाही, हे आमच्या कुरिअरवाल्याला सांगून पाहिलं. त्याला पटलं नाही.

पुढची तपासणी पिंगची. संगणकाच्या कमांड द्यायच्या काळ्या खिडकीत पिंग लिहून पुढे ८.८.८.८ हा गूगलच्या डीएनएसचा पत्ता घालायचा. (आकडे इंग्रजीत घालावेत. मराठीत घातले तर काय होतं, यावर पहिल्या मजल्यावरच्या आजोबांचं संशोधन चालू आहे.) हा प्रोग्रॅम माइक म्यूस यांनी १९८३ मध्ये लिहिला. दूरच्या यंत्राला हाक मारायची, ओ येते का आणि किती मिलिसेकंदांत येते, ते मोजायचं. ओ येतेय पण साइट उघडत नाही, तर रस्ता धड आहे. नावावरून पत्ता सांगणारा डीएनएस बहुधा झोपलाय. सेटिंगमध्ये ८.८.८.८ किंवा क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ भरला की बहुतेक वेळा काम होतं. हा दुसरा १ एप्रिल २०१८ ला सुरू झाला. तारखेवर जाऊ नका.

एप्रिलफूलची खोड या मंडळींना जुनीच आहे. इंटरनेटचे नियम आरएफसी नावाच्या दस्तऐवजांत असतात आणि ते कोणालाही फुकट वाचता येतात. त्यातला ११४९ क्रमांकाचा, १ एप्रिल १९९० चा, कबुतरांच्या पायाला बांधून डेटा कसा पाठवावा हे अत्यंत गंभीरपणे सांगतो. नॉर्वेतल्या बर्गनच्या हौशी मंडळींनी २००१ मध्ये ते करूनही पाहिलं. ९ हाका मारल्या, ४ उत्तरं आली, तीही तासा-पावणेदोन तासांनी. पावसाळ्यातल्या आमच्या जोडणीपेक्षा हे फार वाईट नाही. पण आमच्या सगळ्या गॅलऱ्यांना कबुतरजाळी बसवलेली असल्यामुळे तो पर्याय बाद झाला.

एका ठिकाणी मात्र मी विनोद करत नाही. कस्टमर केअरचा नंबर गूगलवर शोधू नये. वर दिसणारा नंबर भामट्याचा असू शकतो. तो पहिल्या रिंगला उचलतो आणि लाघवी बोलतो. खरं तर एवढ्यावरूनच संशय यायला हवा. मग तो आपला पडदा त्याला दिसेल असं ॲप टाकायला लावतो आणि ओटीपी मागतो. नंबर बिलावरचाच लावावा. पैसे गेलेच तर लाजत न बसता ताबडतोब १९३० ला फोन करावा.

एवढं सगळं करून शेवटी केबलवाला सांगतो, “वरूनच गेलंय, काका.” म्हणजे कोपऱ्यावर तारेला जेसीबी लागलेला असतो. मग एक पोरगा स्कूटरवरून येतो, रंगाचा रिकामा डबा पालथा घालून त्यावर बसतो. आधी तारेत बारीक स्लीव्ह ओवतो, मग तारेचं साल सोलतो, स्पिरिटच्या बोळ्याने काच पुसतो, क्लीव्हरने टोक सरळ कापतो. केसाएवढी दोन टोकं स्प्लायसिंग मशीनमध्ये समोरासमोर ठेवली की छोट्या पडद्यावर ती खांबांएवढी दिसतात. ठिणगी पडते, फट नाहीशी होते, खाली ०.०२ डीबी असा आकडा उमटतो. स्लीव्ह जोडावर सरकवून तो भाजून घेतो आणि मान वर न करता फोनवर म्हणतो, “बघा आता.” नेटवर मी पाहिलेल्या कुठल्याही मदतीच्या पानापेक्षा हे दोन शब्द अधिक भरवशाचे आहेत.

तो पोरगा येईपर्यंत तुम्ही काय करायचं? तक्रार नोंदवताना डॉकेट नंबर मागून घ्या. मुदतीत काम झालं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर त्याच्या आधारे कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१२ च्या नियमांत ही सोय आहे. आणि ग्राहक क्रमांक व बिलावरचा फोन नंबर आज रात्रीच कागदावर लिहून राऊटरशेजारच्या भिंतीला चिकटवा. ‘ॲपमध्ये आहे की’ म्हणू नका. ॲपला नेट लागतं.