ओसरी देऊ, घर नाही

रात्री साडेअकराला माणमधल्या एका वन बीएचकेत खेळ सुरू होतो. 'एज ऑफ एम्पायर्स २', तोही १९९९ सालचा जुनाच. खेळणारा शेजारचा पोरगा हिंजवडीच्या आयटी पार्कात कामाला, आठवडाभर ऑन-कॉल. अमेरिकेतला सर्व्हर कधी आडवा होईल याचा नेम नाही. ऑफिसचं चॅट याच पीसीवर, आणि खेळाने अख्खा स्क्रीन गिळलेला. चॅट नाही, बिघाडाचं तिकीट नाही, घड्याळसुद्धा दिसत नाही. ऑल्ट-टॅब मारून बाहेर पडावं तर परतताना रंग विस्कटतात, नाहीतर खेळच बंद पडतो.

स्क्रीन खेळणाऱ्याचा आहे, खेळाचा नाही. एवढंच मला ठणकावून सांगायचंय.

त्या काळी अख्खा स्क्रीन मागायला कारण होतं, हे मान्य. मशीन दुबळी होती. २५६ रंगांत काम भागवायचं, तर खेळ विंडोजच्या डायरेक्टड्रॉमधून डिस्प्लेचा एकट्याने ताबा घ्यायचा, रिझोल्यूशन आणि रंगांचा तक्ता आपल्या सोयीने बदलायचा, तेव्हा कुठे घोडेस्वार धावायचे. आजच्या मशीनला हे ओझं जाणवतही नाही. कारण संपलं, हट्ट उरला. ओसरी दिली तर हातपाय पसरी. आज एखादा नवा खेळ सेटिंगमध्ये विंडोडचा, म्हणजे खिडकीत चालण्याचा, पर्याय न देता विकायला आला, तर तो अर्धवट माल आहे.

जुन्या खेळाला मात्र आपणच खिडकीत बसवायचं. आधी ऑल्ट-एंटर दाबून बघा. डॉसबॉक्समधला 'प्रिन्स ऑफ पर्शिया' एवढ्यावर ऐकतो. 'डायब्लो २'च्या शॉर्टकटमध्ये टार्गेटच्या शेवटी डॅश आणि डब्ल्यू जोडलं की झालं. जे कशालाच दाद देत नाहीत त्यांच्यासाठी डीएक्सविंड. हे फुकट मिळणारं साधन खेळ आणि विंडोज यांच्या मधे उभं राहतं; खेळाने पूर्ण स्क्रीन मागितला की त्याच्या हातात चौकट ठेवतं.

एक अडचण खरी आहे. 'एज'मध्ये कर्सर कडेला नेला की नकाशा सरकतो. खिडकीत मात्र कर्सर कड ओलांडून मेलवर जाऊन बसतो, आणि सैन्य जिथल्या तिथे उभं. डीएक्सविंडमध्ये कर्सर चौकटीत कोंडायची सोय आहे, ती आधी चालू करा. ऑनलाइन खेळांना मात्र असली साधनं लावू नका. चीट पकडणारी यंत्रणा तुम्हालाच लबाड ठरवून खातं बंद करू शकते.

पोराने परवा हे सगळं बसवलं. डावीकडे खेळ, उजवीकडे चॅट. पावणेदोनला तिकीट आलं, ते त्याच मिनिटाला दिसलं. एफ-३ दाबून त्याने लढाई थांबवली आणि कामाला लागला.