नवं लॉगिन काढणाऱ्यांचा जयजयकार

सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला जरा फुरसत मिळाली की पहिली सद्बुद्धी सुचते ती लॉगिनची लायब्ररी, म्हणजे इतरांना आयता वापरता येईल असा कोड, स्वतः लिहिण्याची. अशा लायब्रऱ्या ढीगभर आहेत हे त्याला ठाऊक असतं. म्हणूनच तर आणखी एक हवी. पासवर्ड हॅश करायचा, सेशनचं टोकन द्यायचं, विसरभोळ्यांना ईमेल धाडायचा. लोकांनी आपापल्या वेबसाइटी तिच्या भरवशावर टाकल्या, सारं सुरळीत झालं, की मग तो ती बंद करतो. सुरू करणाऱ्याला शाबासकी मिळते. बंद करण्यातली तपश्चर्या कुणी पाहत नाही.

मोझिलाने २०११ मध्ये पासवर्डच्या जाचातून जगाला सोडवायला 'पर्सोना' काढलं आणि नोव्हेंबर २०१६ मध्ये जगाला पर्सोनातूनही सोडवलं. ब्रिटिश सरकारचं ओळख पटवणारं 'व्हेरिफाय' २०१६ ते २०२३ जगलं. पण सर्वांत थोर 'ल्युसिया'. टाइपस्क्रिप्टवाल्यांची ही लाडकी लायब्ररी आवरती घेताना कर्त्याने तिचा धडाच करून टाकला: लॉगिन आपलं आपण कसं लिहावं. म्हणजे एकीच्या जागी आता शेकडो. इतकी उदार निवृत्ती फार थोड्यांना साधते.

ऊसतोडीला जाणाऱ्या बीडच्या वडवणीकरांना यात नवल वाटायचं कारण नाही. 'लाडकी बहीण' योजनेने हे शिक्षण घरपोच दिलंय. अर्जासाठी जुलै २०२४ मध्ये नारीशक्ती दूत ॲप, ऑगस्टमध्ये पोर्टल, सप्टेंबरमध्ये सगळं सोडून फक्त अंगणवाडी सेविका. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी: बाईच्या आधारचा ओटीपी, शिवाय नवऱ्याच्या नाहीतर वडिलांच्या आधारचाही. बाई कोण, हे पुरुषाच्या मोबाइलने सांगितल्याशिवाय पटू नये, एवढी कडक सुरक्षा ल्युसियाच्या कर्त्यालाही सुचली नव्हती. विधवा बहिणींचं काय, हा प्रश्न नंतर आठवला, तेही बरंच झालं. सगळं आधीच सुचलं तर दुरुस्तीला काय उरणार?

ई-केवायसीची मुदत ठेवली १८ नोव्हेंबर, म्हणजे ऊसतोडीच्या टोळ्या गाव सोडून गेल्यावरची. मग दयाबुद्धीने ३१ डिसेंबर केली. टोळ्या मार्च-एप्रिलात परततात.

तोवर कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, उसाच्या फडात. आधारला जोडलेला नंबर दोन सिमांमागचा, ओटीपी आला तरी कुणाच्या खिशात आला ते देव जाणे. रेशन घ्यायला मशीनवर अंगठा लावावा, तर पाचट ओढून बोटं गुळगुळीत. मशीन म्हणतं, ठसा जुळत नाही, पुन्हा प्रयत्न करा. बाई बोट पदराला पुसते, पुन्हा लावते.

याच बाईला टोळीचा मुकादम अंधारातही ओळखतो. उचलीच्या, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशांच्या, कागदावर तिचा झिजका अंगठा पहिल्याच फटक्यात उमटतो. तिथे सर्व्हर डाऊन होत नाही, ओटीपी लागत नाही, मुदत वाढवावी लागत नाही. ही व्यवस्था कुणी बंद करणार असल्याचं मात्र ऐकिवात नाही.